कॉलेजच्या पोरापोरींसाठी जुन्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार कसा उभा करायचा: मराठवाड्यातल्या कॅम्पससाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

साधारण मेच्या पहिल्या रविवारी नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) होते आणि पुढच्या आठ-दहा दिवसात लातूरच्या ट्यूशन एरियातल्या रूम रिकाम्या व्हायला लागतात. गावाकडनं गाडी येते, त्यात पेटी, कपडे, भांडी बसतात, आणि गादी, स्टडी टेबल, कूलर, मॉड्यूलचे (कोचिंगच्या छापील पुस्तकांचे) गठ्ठे मागं राहतात. मॉड्यूल रद्दीवाला किलोवर नेतो, टेबल रूममालकाचं होतं. जूनपासून नवीन पोरं येतात आणि हेच सगळं परत नवीन विकत घेतात. संभाजीनगरला विद्यापीठाच्या आसपास तेच, नांदेडला विष्णुपुरीत तेच, परभणीला कृषी विद्यापीठाच्या होस्टेलात तेच. ज्या घरात सोयाबीन विकून फी भरली जाते त्या घरातल्या पोराला हजार-दोन हजार वाचले तर त्यात मेसचा महिना निघतो, म्हणून हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो आणि म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

आधीच सांगतो, यात ॲप बनवणं हे सगळ्यात सोपं काम आहे. कोडिंग येणारी पोरं प्रत्येक कॉलेजात आहेत. अवघड आहे ते दोन गोष्टींचं, एक म्हणजे अनोळखी माणसाकडनं वस्तू घ्यायचा भरवसा आणि दुसरं म्हणजे टायमिंग, कारण विकणारा मे मधे जातो आणि घेणारा जुलै-ऑगस्टमधे येतो. बाजार याच दोन गोष्टींवर चालतो नाहीतर बंद पडतो, त्यामुळं खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशोबानं आहेत.

पायरी १: एकच कॅम्पस पकडा

पहिल्या दिवसापासून "अख्ख्या मराठवाड्यासाठी" असं काही काढू नका. लातूरच्या पोराला संभाजीनगरातली खुर्ची दिसून काय उपयोग, आणायला जेवढं भाडं लागेल तेवढ्यात नवीन येते. पायी किंवा सायकलवर जाऊन वस्तू बघून घेता येईल एवढाच एरिया घ्या. नांदेडचं विष्णुपुरी यासाठी एकदम चांगलं आहे, एसजीजीएस इंजिनिअरिंग, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि शासकीय मेडिकल कॉलेज तिन्ही तिकडंच. संभाजीनगरला मराठवाडा विद्यापीठाचा परिसर, नाहीतर शासकीय इंजिनिअरिंग आणि त्याच्या आजूबाजूचे होस्टेल. लातूरला ट्यूशन एरिया, पण तिथं एक मोठी अडचण आहे, तिथली बरीच पोरं अठरा वर्षांच्या आतली असतात, त्याबद्दल पुढं येतोच.

एरिया ठरला की एका वहीत लिहून काढा की तिथं कोणते कोर्स आहेत, परीक्षा कधी संपते, होस्टेल कधी खाली होतं, ॲडमिशन कधी सुरू होतात. गुगलवर नाही, सीनियर पोरांना आणि होस्टेलच्या रेक्टर सरांना विचारून.

पायरी २: काय विकायचं आणि काय अजिबात नाही

सुरुवातीला चार-पाच प्रकारच ठेवा: पुस्तकं, ड्रॉइंग आणि लॅबचं सामान, रूमचं सामान, सायकल, कूलर. मोबाईल-लॅपटॉप नंतर.

पुस्तकांमधे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात नाव खराब होतं. पुस्तक जुनं असणं वेगळं आणि बाद झालेलं असणं वेगळं. पॉलिटेक्निकला २०२३-२४ पासून के स्कीम, म्हणजे नवीन अभ्यासक्रम आला, त्यामुळं जुन्या आय स्कीमचं पुस्तक घेतलेलं पोरगं अर्ध्या सेमिस्टरला डोकं धरून बसतं. नीटचा सिलॅबस २०२४ च्या परीक्षेपासून बदलला, काही धडे गेले काही आले. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं लिहून काढायची झाली, म्हणजे मुख्यसाठीची जुनी ऑब्जेक्टिव्हची गाईडं तिथं कामाची नाहीत. पदवीला नवीन शैक्षणिक धोरणामुळं पेपर बदललेत. म्हणून पुस्तकाच्या जाहिरातीत नुसतं नाव आणि किंमत चालणार नाही, आवृत्तीचं साल, कोणती स्कीम किंवा पॅटर्न आणि कोणतं सेमिस्टर हे तीन रकाने भरल्याशिवाय जाहिरात लागलीच नाही पाहिजे. एवढं एक काम नीट केलं तरी तुमचा बाजार मोठमोठ्या ॲपपेक्षा कॉलेजच्या पोरांना जास्त कामाचा ठरतो.

ड्राफ्टर (इंजिनिअरिंग ड्रॉइंगला रेघा आखायचं साधन), शीट कंटेनर, एप्रन, सायंटिफिक कॅल्क्युलेटर यांचं वेगळं गणित आहे. बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजात फर्स्ट इयरचे दोन ग्रुप असतात, एकाला ड्रॉइंग पहिल्या सेमला आणि दुसऱ्याला दुसऱ्या सेमला. म्हणजे तोच ड्राफ्टर डिसेंबर-जानेवारीत एका ग्रुपकडनं दुसऱ्याकडं जाऊ शकतो. हा छोटा सीझन पकडा, ट्रायलसाठी याच्यासारखी वस्तू नाही, छोटी, स्वस्त, आणि घेणारा-विकणारा एकाच बिल्डिंगमधे.

आता बंदी कशावर. लिहून तयार असलेली जर्नल आणि सबमिशन विकू देऊ नका, मागणी भरपूर येईल, तरी नाही. कोचिंगच्या पीडीएफ आणि झेरॉक्स नाही, तो कॉपीराइटचा विषय आहे, स्वतः विकत घेतलेलं छापील पुस्तक किंवा मॉड्यूल विकायला मात्र काही अडचण नाही. औषधं, लॅबची केमिकल, गॅस सिलिंडर नाही. गाड्यासुद्धा नको. मोटारसायकल विकायची म्हणजे फॉर्म २९, ३०, आरटीओत नाव ट्रान्सफर, इन्शुरन्स, आणि ते न करता नुसती चावी हातात दिली की पुढं ॲक्सिडेंट झाला तर ज्याच्या नावावर गाडी त्याच्या घरी पोलीस येतात.

पायरी ३: कोडच्या आधी एक सीझन व्हॉट्सॲपवर काढा

एक गुगल फॉर्म, त्याच्या मागं शीट, आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप ज्यात फक्त ॲडमिन पोस्ट टाकू शकतो. सगळ्यांना पोस्ट करू दिलं की दोन दिवसात गुड मॉर्निंग आणि क्रिकेट सुरू होतं. ग्रुपमधे १०२४ लोकच बसतात, ट्रायलला तेवढे पुष्कळ झाले. फॉर्ममधनं जाहिरात आली की तुम्ही ती बघून, फोटो चालतोय का ते तपासून, एकाच साच्यात टाकायची. विकली की शीटमधे "गेली" लिहायचं, कितीला गेली आणि किती दिवसात गेली तेही लिहायचं. ही शीट तुमचं खरं भांडवल आहे. पुढं वेबसाइटवर "या वस्तूला साधारण एवढा भाव मिळतो" हे तुम्ही याच आकड्यांवरनं दाखवणार. लोक काय शोधायलेत आणि मिळत नाही तेही वेगळ्या पानावर लिहीत चला.

या सीझनमधे वस्तूंची देवाणघेवाण झालीच नाही तर वेबसाइट काढूनही होणार नाही, मग आधी कारण शोधा.

पायरी ४: जाहिरातीचा फॉर्म

कूलरचं उदाहरण घेतो कारण मार्च ते जून आपल्याकडं कूलरशिवाय अभ्यास होत नाही आणि सगळ्यात जास्त भांडणंही कूलरवरनंच होतात. "कूलर विकणे आहे, कंडिशन चांगली, किंमत फोन करून विचारा" ही जाहिरात बाद. फॉर्मनं विचारलं पाहिजे: बॉडी पत्र्याची की प्लॅस्टिकची, पंप चालू आहे का, वाळा कधी बदलला, टाकी गळते का, स्टँड सोबत आहे का, कितव्या मजल्यावर आहे. फोटो तीन सक्तीचे: समोरून, मागून जाळी काढून, आणि रिकाम्या टाकीचा तळ. बोअरच्या पाण्यानं तळाला क्षाराचा पांढरा थर बसतो आणि पत्रा तिथनंच खातो, तो एक फोटो बघून जाणकार माणूस कूलर अजून किती उन्हाळे काढेल ते सांगतो. एक दहा सेकंदाचा चालू कूलरचा व्हिडिओ मिळाला तर अजून चांगलं, मोटरचा आवाज कळतो.

असंच प्रत्येक प्रकाराचं चार-पाच प्रश्नांचं पान बनवा. सायकलला टायर-ब्रेक-बिल, गादीला साइज आणि ढेकूण आहेत का (हो, हा प्रश्न सरळ विचारा, होस्टेलात राहिलेल्याला कारण कळतं), पुस्तकाला वर सांगितलेले तीन रकाने आणि आत पेनानं किती लिहिलंय. किंमत आकड्यातच हवी. भावताव होणारच, पण सुरुवातीचा आकडा समोर असला की लाजाळू पोरंसुद्धा विचारतात.

पायरी ५: वेबसाइट

ॲप नको, वेबसाइट करा, मोबाईलवर नीट चालणारी आणि होम स्क्रीनवर ठेवता येणारी. स्टोरेज भरलेल्या फोनमधे कुणी तुमच्यासाठी नवीन ॲप टाकत नाही. कोडिंग येत नसेल तर वर्डप्रेसवर जाहिरातींचं प्लगइन टाकून काम भागतं. येत असेल तर जॅंगो किंवा लारावेल (वेबसाइट बनवायचे तयार सांगाडे), नाहीतर सुपाबेस-फायरबेस (डेटाबेस आणि लॉगिन तयार देणाऱ्या सेवा), जे टीममधल्या दोघांना तरी येतं ते घ्या. एकालाच येत असेल तर त्याची प्लेसमेंट झाली की साइट गेली.

डेटाबेसमधे पहिल्यांदा एवढंच लागतं: युजर, जाहिरात, फोटो, प्रकार, कॅम्पस, मेसेज, तक्रार. जाहिरातीला स्टेटस चार: चालू, बोलणं झालंय, विकली, मुदत संपली. हे "बोलणं झालंय" विसरू नका, नाहीतर एकाच ड्राफ्टरसाठी पाच जण येतात. आणि २१ दिवसांनी जाहिरात आपोआप बंद व्हायला पाहिजे, त्याआधी एक मेसेज जावा "अजून आहे का?" म्हणून. विकलेल्या वस्तूंच्या जाहिराती तशाच पडून राहिल्या की लोक दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा साइटच उघडत नाहीत.

फोटो अपलोड व्हायच्या आधी फोनमधेच छोटा करा, लांबी १२०० पिक्सेलच्या आसपास आणि वजन २०० केबीच्या आत, तालुक्याच्या गावात रेंजची काय हालत असते तुम्हाला माहीत आहे. ब्राउझरमधे कॅनव्हासवर काढून परत सेव्ह केला की फोटोत लपलेलं लोकेशनही निघून जातं. हे फार गरजेचं आहे, कारण रूममधे काढलेल्या फोटोवरनं पोरगी कुठं राहते ते कुणालाही कळायला नको.

सर्चवर थोडा जास्त वेळ द्या. पोरं कूलर, कुलर, तेच इंग्रजी अक्षरात तीन स्पेलिंगनं, कसंही टाइप करतात. पोस्टग्रेस या डेटाबेसचं ट्रायग्राम एक्स्टेंशन जवळपासचं स्पेलिंग पकडतं पण मराठीतनं इंग्रजी अक्षरात ते जोडत नाही, त्याच्यासाठी एक साधं टेबल बनवा ज्यात एका वस्तूची सगळी नावं आहेत: खाट, कॉट, पलंग, बेड. काहीच न सापडलेले शब्द रोज सेव्ह करा आणि आठवड्याला ते टेबल वाढवा.

लॉगिनला बहुतेक जण एसएमएस ओटीपी लावायला जातात आणि तिथंच अडकतात, कारण भारतात असे मेसेज पाठवायला डीएलटी रजिस्ट्रेशन (मेसेज पाठवणाऱ्यांची टेलिकॉम कंपन्यांकडची नोंदणी) लागतं, हेडर आणि टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागतं. सुरुवातीला गुगल लॉगिन किंवा ईमेल ओटीपी बास झालं. आणि फायरबेस घेतलं तर टेस्ट मोडमधे लाइव्ह जाऊ नका, त्यात तुमचा अख्खा डेटा कुणीही वाचू शकतो आणि बदलू शकतो.

खर्च म्हणाल तर पहिल्या वर्षी डोमेन आणि थोडंफार होस्टिंग, बाकी फ्री टियरमधे निघतं.

पायरी ६: भरवसा, आणि पोरींची सेफ्टी

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजात प्रत्येकाला कॉलेजचा ईमेल मिळत नाही, त्यामुळं "कॉलेज ईमेलवाल्यांनाच प्रवेश" हा शहरातला फॉर्म्युला इथं चालत नाही. आयडी कार्डचा फोटो घ्या, पण नंबर आणि पत्ता झाकून, नाव-कॉलेज-साल दिसलं की झालं. तपासून "व्हेरिफाइड" लावा आणि फोटो डिलीट करा. साठवून ठेवूच नका, जे तुमच्याकडं नाही ते चोरीला जाऊ शकत नाही.

मोबाईल नंबर जाहिरातीत दाखवायचा नाही. कितीही लोक म्हणू द्या की त्यानं सोपं होतं. पुस्तकाच्या नावाखाली नंबर घ्यायचा आणि मग रात्री मेसेज करत बसायचं, असं एका जरी पोरीसोबत झालं तर तिच्या रूमवरच्या सगळ्या जणी साइट सोडतात, आणि ते बरोबरच आहे. आणि घरी कळलं तर तिचा फोन काढून घेतात, क्लास बंद करतात, हेही आपल्याकडं होतं. म्हणून मेसेज साइटच्या आतच, जाहिरातीवर पूर्ण नावाऐवजी पहिलं नाव किंवा टोपणनाव चालेल, आणि नंबर दोघांनी होकार दिला तरच उघडेल. "फक्त मुलींना दिसेल" असा एक टिक बॉक्स द्या. लेडीज होस्टेलमधनं एक-दोन जणी टीममधे हव्यातच, नुसत्या नावाला नाही, तक्रारी त्याच बघतील. एखादी तक्रार आली की समोरचं अकाउंट आधी थांबवायचं आणि चौकशी मागनं.

देवाणघेवाण दिवसा, कॅम्पसवर, चार माणसं असतील तिथं. लायब्ररीसमोर, कँटीनमधे. रूमवर बोलवायचं नाही, कूलर-खाट बघायला जावंच लागलं तर दोघांनी मिळून. प्राचार्यांना भेटून आठवड्यातला एक दिवस आणि एक जागा मागून घ्या, एनएसएसच्या सरांना मधे घातलं तर काम लवकर होतं. शनिवारी बरीच पोरं एसटीनं गावाकडं जातात, त्यामुळं बुधवार-गुरुवार बरा पडतो.

मोबाईल-लॅपटॉप नंतर सुरू कराल तेव्हा बिल सक्तीचं ठेवा. फोनवर स्टार-हॅश-०६-हॅश दाबून आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा नंबर) काढायचा आणि इंग्रजी अक्षरात केवायएम लिहून, जागा सोडून तो १५ आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करायचा, फोन ब्लॉक केलेला असेल तर कळतं. सरकारच्या संचार साथी वेबसाइटवरही बघता येतं. घेणाऱ्याच्या समोर हे झाल्याशिवाय सौदा नाही.

पायरी ७: पैसे

पैसे तुमच्या खात्यात घेऊच नका. वस्तू हातात, बघून झाली, चालू करून झाली, मग यूपीआय किंवा रोख, थेट एकमेकांना. तुमच्या खात्यातनं पैसे फिरायला लागले की रिझर्व्ह बँकेचे पेमेंट ॲग्रीगेटरचे (दुसऱ्यांचे पैसे गोळा करून पुढं देणाऱ्यांचे) नियम आणि जीएसटीतलं टीसीएस (विक्रीच्या रकमेतनं कापून भरायचा कर) हे मागं लागू शकतं, आणि एक सौदा फिसकटला की दोन्ही पार्ट्या तुमच्याच दारात.

साइटवर प्रत्येक चॅटच्या वर एक ओळ कायम ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. "मी आर्मीत आहे, ट्रान्सफर झालीय, ॲडव्हान्स टाका" वाले तुमच्याकडं पण येणार. आधी पैसे मागितले की तक्रार करा, हे बटण चॅटमधेच द्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, जितक्या लवकर तितकी रक्कम थांबायची शक्यता जास्त.

कमिशन पहिलं वर्षभर अजिबात नाही, दीडशेच्या ड्राफ्टरवर कुणी पाच रुपये पण देत नाही, बाहेरच्या बाहेर सौदा करतात. पुढं खर्च काढायचा असेल तर मेसवाले, झेरॉक्सवाले, रूमवाले, पुस्तकांची दुकानं यांच्या जाहिराती घ्या.

पायरी ८: कायद्याचं थोडंसं

अठराच्या आतल्या पोरांचं अकाउंट उघडू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. शिवाय अल्पवयीन मुलाशी केलेला करार कायद्यानं टिकत नाही. म्हणून लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांसाठी अकाउंट आई-वडिलांच्या नावानं असू द्या. नाहीतरी मे महिन्यात सामान न्यायला तेच येतात, त्यांनाच फॉर्म भरायला लावा, मराठीत आणि मोठ्या अक्षरात.

साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्या, तक्रार आली की २४ तासात पोच द्या. नियमांचं पान एकच, पण साध्या मराठीत.

पायरी ९: माल भरायचा सीझन

मे महिन्यात माल आहे पण गिऱ्हाईक नाही, ऑगस्टमधे उलटं. मधले दोन महिने पकडायचे तर माल ठेवायला जागा लागते. कॉलेजची एखादी रिकामी खोली, नाहीतर टीममधल्या कुणाच्या नातेवाइकाचं गोडाऊन. पुस्तकं, ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर एवढंच ठेवून घ्या, प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी: मालकाचा कोड, कमीत कमी किंमत, तारीख. विकल्यावर घेणारा थेट मालकाच्या यूपीआयवर पैसे टाकतो, त्यानं आल्याचं कळवलं की तुम्ही वस्तू देता. दिलेल्या तारखेपर्यंत नाही गेली तर काय करायचं तेही आधीच लिहून घ्या, बरेच जण "कुणा गरजूला देऊन टाका" म्हणतात, तसा रकाना ठेवा.

शेवटच्या पेपरच्या आठवड्यात होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर जाऊन स्वतः फोटो काढून जाहिराती टाकून द्या. पोरं आळस करतात, लिंक पाठवून कुणी भरत नाही. आणि ॲडमिशनच्या वेळी कागदपत्रं जमा करायच्या खिडकीपाशी पालक लाइनीत उभे असतात तिथं क्यूआरचा एक कागद चिकटवायची परवानगी काढा. कूलर मात्र फेब्रुवारीपासून पुढं आणा, जूनमधे त्याला भाव नसतो.

पायरी १०: पुढच्या बॅचकडं

टीममधे प्रत्येक वर्षातले दोन-दोन जण ठेवा, फर्स्ट इयरचेसुद्धा. डोमेन कुणा एकाच्या वैयक्तिक ईमेलवर घेऊ नका, टीमचा वेगळा ईमेल काढा आणि त्याच्या रिकव्हरीला सरांचा नंबर लावा. डोमेन रिन्यू करायची तारीख, होस्टिंगचे पासवर्ड, शीटची लिंक, प्राचार्यांच्या परवानगीचं पत्र, गोडाऊनची चावी कुणाकडं, हे सगळं एका फाइलीत. दर जानेवारीत, म्हणजे फायनल इयरवाले प्रोजेक्टमधे बुडायच्या आधी, ती फाइल ज्युनिअरच्या हातात द्यायची आणि तो मे चा सीझन त्यांनाच चालवू द्यायचा, सीनियर फक्त अडलं तर सांगायला.